वाचकांचे प्रश्न : खोलीतले गाणे आणि त्याची कारकीर्द

प्रश्न : माझा मुलगा २४ वर्षांचा असून सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करतो. गिटार, पेटी, ढोलकी, बासरी अशी चार-पाच वाद्ये त्याला थोडीफार येतात. गीत तोच लिहितो, चाल तोच लावतो आणि सगळी वाद्ये एकामागून एक वाजवून घरच्या जुन्या टेपरेकॉर्डरवर मुद्रित करतो. त्या गाण्यांत फितीची खरखर आणि पंख्याची घरघर स्पष्ट ऐकू येते. ती मुद्दाम ठेवली आहे, असे त्याचे म्हणणे. आता नोकरी सोडून पूर्णवेळ हेच करायचे त्याने ठरवले आहे. आर. स्टिव्ही मूर नावाच्या अमेरिकी गायकाने आयुष्यभर हेच केले आणि त्यांचे चारशे अल्बम आहेत, असा दाखला तो देतो. अशी कारकीर्द खरोखर असते का? — एक वडील, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : चिरंजीवांनी दिलेला दाखला खरा आहे, परंतु तो त्यांनी आपल्या सोयीपुरता सांगितलेला दिसतो. राहिलेला भाग मी सांगतो. तो दोघांच्याही कामाचा आहे.

मूर यांचा जन्म १८ जानेवारी १९५२ रोजी नॅशव्हिल येथे झाला. त्यांचे वडील बॉब मूर हे त्या शहरातील अव्वल बासवादक होते. एल्व्हिस प्रेस्ली आणि रॉय ऑर्बिसन यांच्यासारख्यांच्या मुद्रणात साथ करणे हा त्यांचा रोजचा व्यवसाय होता. नाताळात ज्यांची गाणी शरणपूर रोडवरच्या काही जुन्या घरांत वाजली असतील, त्या जिम रीव्हज यांच्याबरोबर मूर वयाच्या सातव्या वर्षी एका गाण्यात गायले. म्हणजे ज्या मुलाला स्टुडिओचे दार जन्मापासून उघडे होते, त्याने मोठेपणी आईवडिलांच्या घरात रीळ-टेपरेकॉर्डर मांडले आणि ढोल, बास, गिटार, कीबोर्ड, आवाज हे सारे स्वतःच एकावर एक चढवत गाणी केली. चांगल्या स्टुडिओची वाट माहीत नव्हती म्हणून त्यांचे गाणे खरखरीत निघाले, असे कोणालाही म्हणता येणार नाही. त्यांना वाटेल तेव्हा, कोणाच्याही परवानगीवाचून आणि तासाचे भाडे न मोजता गायचे होते. चांगला आवाज आणि ही मोकळीक यांतली एकच गोष्ट मिळणार होती, तेव्हा त्यांनी मोकळीक घेतली.

अशा मुद्रणांतून १९७६ साली ‘फोनोग्राफी’ ही त्यांची तबकडी निघाली. तिच्या प्रती किती काढल्या, तर शंभर. आणि त्याही निघाल्या त्या मुख्यतः न्यू जर्सीत राहणारे त्यांचे मामा हॅरी पामर यांच्या आग्रहामुळे आणि खटपटीमुळे. दोन वर्षांनी मूर स्वतःही न्यू जर्सीला राहायला गेले, आणि तिथे काय केले, तर तबकड्यांच्या दुकानात नोकरी धरली. चिरंजीवांच्या कथनातून नेमके एवढेच गळले आहे. दिवसा दुसऱ्यांच्या तबकड्या विकायच्या आणि घरी येऊन स्वतःची गाणी करायची, असा क्रम पुढे कित्येक वर्षे चालला. १९८०च्या दशकात त्यांनी ‘कॅसेट क्लब’ सुरू केला. कोणी टपालाने पैसे पाठवले की हे घरच्या घरी कॅसेटची प्रत काढत, पाकीट बंद करत आणि टपालात टाकत. चारशेहून अधिक अल्बम हा जो आकडा सांगितला जातो, तो याच मार्गाने साठला, आणि त्यातला फार मोठा भाग म्हणजे अशा घरगुती कॅसेटी व पुढे घरीच उतरवलेल्या सीडी आहेत. पहिला जागतिक दौरा त्यांना घडला तो २०११ साली, एकोणसाठाव्या वर्षी. पहिल्या तबकडीपासून मोजले तर मध्ये पस्तीस वर्षे गेली.

तेव्हा अशी कारकीर्द असते, पण तिच्यात नोकरी हा अडथळा नसून पाया असतो. चिरंजीवांनी नोकरी सोडू नये, हे माझे स्पष्ट मत आहे. दरमहा गाण्यांतून घरखर्च निघाला पाहिजे, अशी अट एकदा गाण्यावर लादली की खरखर ठेवण्याचे स्वातंत्र्य पहिल्या तिमाहीतच जाते. मग लग्नाच्या चित्रफितींना पार्श्वसंगीत करण्याची कामे घ्यावी लागतात. (त्या कामात कमीपणा काहीच नाही, पण त्यासाठी त्यांनी नोकरी सोडलेली नसेल.)

आता आपल्यासाठी एक गोष्ट. ‘एकट्याने सगळे केले’ ही कथा आपल्या नाशिककरांना नवी नाही. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी १९१३च्या पहिल्या चित्रपटात लेखन, दिग्दर्शन, छायाचित्रण, संकलन अशी किती कामे स्वतः उरकली, हे आपण शाळेपासून ऐकतो. परंतु त्या काळात विम्याच्या पॉलिसीवर कर्ज निघाले होते, आणि त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई सगळ्या चमूचा स्वयंपाक करून वर फिती धुण्याच्या कामालाही हात लावत होत्या. मूर यांच्या बाबतीत मामा होते. आपल्याला विम्याची पॉलिसी काढायला मी सांगत नाही. मात्र त्या टेपरेकॉर्डरचा पट्टा सैल झाला असेल आणि फीत वाजवणारे मुंड (हेड) दर काही दिवसांनी स्पिरिटने पुसले जात नसेल, तर त्यामुळे येणारी घरघर चिरंजीवांना हवी असलेली नव्हे. मेन रोडच्या आसपास असे जुने यंत्र उघडू शकणारे कारागीर अजून शोधता येतात. तेवढे एक काम आपण करून द्यावे.

प्रश्न : अभ्यास करताना आम्ही ‘लो-फाय’ संगीत लावतो. आपण मागील अंकात ज्या लो-फाय गायकांविषयी लिहिले, ते हेच का? आणि मुद्रण वाईट असणे हा गुण कसा काय ठरतो? — एक विद्यार्थिनी, कॉलेज रोड, नाशिक

उत्तर : नाव एक आहे, कूळ वेगळे आहे. ‘हाय-फाय’ हा शब्द आपल्याकडे श्रीमंती राहणीसाठी रूढ झाला, पण मुळात तो ध्वनियंत्रांचा आहे : मूळ आवाजाशी इमान राखणारे यंत्र. ज्याचे इमान कमी, ते लो-फाय. न्यू जर्सीतील डब्ल्यूएफएमयू या नभोवाणी केंद्रावर १९८६ साली घरी मुद्रित केलेल्या संगीताचा अर्ध्या तासाचा साप्ताहिक कार्यक्रम याच नावाने होत असे, आणि तिथून हा शब्द एका प्रकारच्या संगीताला चिकटला.

गुण कसा ठरतो, हे समजण्यासाठी एकट्या माणसाचे मुद्रण कसे होते ते पाहावे. समजा, आपल्याकडे दोन टेपरेकॉर्डर आहेत. पहिल्यावर आपण ढोलकी मुद्रित केली. आता ती फीत वाजत असताना आपण गिटार वाजवायची आणि दोन्ही आवाज मिळून दुसऱ्या यंत्रावर घ्यायचे. मग दुसऱ्याची फीत वाजवून तिच्यावर पेटी चढवायची आणि ते सारे पुन्हा पहिल्यावर आणायचे. प्रत्येक फेरीत फितीची स्वतःची सळसळ मिसळते आणि वरच्या पट्टीतली चकाकी थोडी झिजते. सर्वांत आधी वाजवलेले वाद्य सर्वांत जास्त फेऱ्या करते, म्हणून तेच सर्वांत मळते. टाळ आधी मुद्रित केले, तर पाचव्या फेरीला त्यांचा किणकिणाट जाऊन नुसती फसफस उरते. आणि परतीची वाट नसते : गिटार फार मोठी झाली हे चौथ्या फेरीला लक्षात आले, तरी ती आता ढोलकीपासून सोडवता येत नाही. त्यामुळे कोणते वाद्य आधी आणि कोणते शेवटी, हा निर्णय चाल लावण्याइतकाच रचनेचा भाग होतो. गाणाऱ्याचा आवाज शेवटी चढतो, म्हणून तो धूसर वाद्यांच्या पुढे अगदी कानाशी आल्यासारखा वाटतो. लो-फाय गाण्यातली जी जवळीक आपल्याला जाणवते, तिचे बरेचसे कारण हे आहे.

१९७९ साली टीॲक या जपानी कंपनीने ‘पोर्टास्टुडिओ’ हे यंत्र आणले आणि ही कसरत बरीच सोपी झाली. साध्या कॅसेटवर एका बाजूला दोन आणि दुसऱ्या बाजूला दोन असे चार ट्रॅक, म्हणजे स्वतंत्र मुद्रणाचे पट्टे, असतात. या यंत्राने ते चारही एकाच दिशेने वापरले आणि फीत दुप्पट वेगाने फिरवली. अमेरिकी रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन यांनी जानेवारी १९८२ मध्ये आपल्या शयनगृहात अशाच यंत्रावर काही गाण्यांचे कच्चे मुद्रण केले. विचार असा होता, की पुढे वाद्यवृंदाबरोबर ती नीट करावीत. वृंदासह प्रयत्न झाला, पण गाण्यांतला एकटेपणा निघून गेला. शेवटी खिशात विनाडबीची फिरलेली ती कॅसेटच त्याच वर्षी ‘नेब्रास्का’ या नावाने प्रसिद्ध झाली.

अभ्यासाच्या वेळी आपण ऐकता, त्या संगीतात बहुधा स्वच्छ मुद्रण करून नंतर संगणकातून खरखर पेरलेली असते. ते कानाला सुखाचे असते, यात वाद नाही. पण मला ते भांडी बाजारातल्या नव्या तांब्याच्या घंगाळाला पोचे पाडून आजीचे म्हणून विकण्यासारखे वाटते.

प्रश्न : मी स्वतः गीते लिहून, सर्व वाद्ये वाजवून गाणी प्रसिद्ध करतो. उत्पन्न आणि हक्क यांबाबत काय सांभाळावे? — एक शिक्षक, सिन्नर

उत्तर : उत्पन्नाचे थोडक्यात आटोपतो, कारण तेही थोडकेच आहे. २०२४ पासून स्पॉटिफायवर एखादे गाणे मागील बारा महिन्यांत किमान १,००० वेळा ऐकले गेले नसेल, तर त्याच्या ध्वनिमुद्रणापोटी काहीही मिळत नाही. मूर यांच्या टपालाच्या पद्धतीत पन्नास ग्राहक असले, तरी पन्नासांचेही पैसे हातात येत. म्हणून ओळखीच्या श्रोत्यांना थेट विकण्याचा एखादा मार्ग आपणही ठेवावा, असे मी सुचवतो.

हक्कांचा विचार मात्र सावकाश करावा. आपल्या एका गाण्यात तीन वेगवेगळे हक्क आहेत : शब्दांचा, चालीचा आणि मुद्रणाचा. तिन्ही कामे आपणच केल्यामुळे तिन्ही आपले आहेत, आणि नोंदणी केली नसली तरी ते निर्मितीबरोबरच लागू होतात. शब्द आणि चाल यांवरील हक्क कर्त्याच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षे टिकतो; मुद्रणावरील हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षे. एखाद्या कंपनीने ‘सर्व हक्क’ मागितले, तर तिन्हींपैकी कोणता हक्क किती काळासाठी जातो आहे, हे करारात लिहून घ्यावे. कॉपीराइट कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीनुसार गीतकार व संगीतकार यांना रॉयल्टीतला आपला समान वाटा कंपनीला लिहून देता येत नाही. तसे कलम करारात दिसले, तर सही करण्यापूर्वी वकिलाला दाखवावे. हा वाटा गोळा करणाऱ्या आयपीआरएस या संस्थेचे सभासदत्व गीतकार आणि संगीतकार अशा दोन्ही नात्यांनी घेता येते.

प्रश्न : माझी नात माझ्याजवळ शास्त्रीय गायन शिकते आणि घरी असली लो-फाय गाणीही करते. पाच वाद्ये वाजवणाऱ्याला एकही येत नाही, असे मी तिला सांगते. माझे चुकते का? — एक गायनशिक्षिका, पंचवटी

उत्तर : बाई, आपले विधान खरे आहे, पण तिच्या कामाला ते लागू पडत नाही. आपल्या परंपरेत वाद्य साधायचे असते. हे लोक ते वापरतात. अमेरिकी गायक-गीतकार डॅनियल जॉन्स्टन (१९६१–२०१९) यांच्या सुरुवातीच्या कॅसेटींत सूर बोटभर इकडे-तिकडे, ताल ओढलेला आणि यंत्र स्वस्तातला टेपरेकॉर्डर. तरी गीत आणि चाल अशी, की पुढे अनेक नामांकितांनी ती गाणी पुन्हा गायली. प्रत काढण्याची सोय नसताना त्यांना कोणी कॅसेट मागितली, की ते संपूर्ण अल्बम पुन्हा पहिल्यापासून गाऊन देत. याला रियाज म्हणावे की नाही, हे आपण ठरवावे. त्यांच्या गंभीर मानसिक आजारालाच त्यांच्या प्रतिभेचे मूळ मानणारे चाहते मला अजिबात आवडत नाहीत. आजारामुळे त्यांची वर्षेच्या वर्षे गेली, गाणी त्या आजाराला न जुमानता झाली.

खरखरीचे म्हणाल, तर नाशिकला जन्मलेले द. वि. पलुस्कर १९५५ साली अवघ्या चौतिसाव्या वर्षी गेले. त्यांचा आवाज आपल्यापर्यंत आला तो जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकड्या आणि नभोवाणीची मुद्रणे यांतून, सुईच्या घासण्यासकट. आपण ते घासणे कधी मोजले नसेल. नातीचा षड्ज पक्का होऊ द्यावा. पुढे तिने त्याच्याभोवती काय जमवायचे, ते तिचे तिला ठरवू द्यावे.

प्रश्न : आमचा फ्लॅट रस्त्याला लागून आहे आणि पावसाळ्यात जवळच ढोल पथकाचा सराव असतो. घरी मुद्रण कसे करावे? — इंदिरानगर, नाशिक

उत्तर : नाशिक ढोलाला गोधडी पुरत नाही. त्याची लहर भिंतीतून येते, म्हणून सरावाची वेळ सोडून पहाटे बसावे. रहदारीसाठी मात्र कपड्यांनी भरलेले कपाट उघडून त्यात तोंड करून गावे, माइक एका वितीवर धरावा आणि मागे जाड गोधडी टांगावी. पंखा बंद करावा लागेल, तेव्हा एका दमात दोन गाण्यांपलीकडे जाऊ नये, आणि शक्यतो मे महिन्यात अल्बम काढण्याचे मनावर घेऊ नये.