झाडाला रेकी द्यायची की नाही?

प्रश्न: नमस्कार ताई, आमची मुलुंड पूर्वेला जुनी सोसायटी आहे, कंपाउंडमध्ये तीन मोठे पर्जन्यवृक्ष आहेत. त्यातला गेटजवळचा गेल्या वर्षापासून वाळत चाललाय, शेंड्याच्या फांद्या बोडक्या झाल्यात आणि खाली लावलेल्या गाड्यांवर सारखा चिकट थर बसतो. कमिटीतल्या एका काकांनी ओळखीतून एक हीलर आणलेत. ते खोडाला हात लावून रेकी देतात, होमिओपॅथीच्या गोळ्या पाण्यात विरघळवून मुळाशी ओततात, वर अग्निहोत्राची राख टाकतात. एका सिटिंगचे अडीच हजार. सेक्रेटरी म्हणतात सगळं थोतांड आहे, सरळ कापून टाका. मला हसू पण येतं आणि असंही वाटतं की कोण जाणे, होत असेल काही. काय करू?

उत्तर: आधी सेक्रेटरींना सांगा की झाड स्वतःच्या कंपाउंडमधलं असलं तरी १९७५ च्या राज्याच्या कायद्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही, त्यामुळे ‘सरळ’ असं काही नसतं.

आता झाड. गाड्यांवरचा चिकट थर तुम्ही सहज लिहून गेलात पण माझ्या मते सगळी गोष्ट तिथेच आहे. दुर्बीण असेल तर कोवळ्या शेंड्यांकडे बघा, नाहीतर पडलेली एखादी डहाळी उचला, कापसासारखे पांढरे पुंजके दिसले तर तो पिठ्या ढेकूण. तो रस शोषतो आणि गोड चिकटा टाकतो, त्या चिकट्यावर काळी बुरशी येते, आणि तो खायला मुंग्या येतात त्या या ढेकणांना राखतात. गेल्या दहा-पंधरा वर्षांत मुंबई-ठाण्यातले कितीतरी पर्जन्यवृक्ष या किड्यापायी गेले. दुसरं म्हणजे खोडाभोवती पेव्हर ब्लॉक किंवा काँक्रीट अगदी सालीपर्यंत आलंय का ते बघा. बहुतेक आलेलंच असेल, आपल्याकडे कुठे नसतं! मुळांना हवा-पाणी नाही म्हणजे झाड आधीच अर्धमेलं, त्यात ढेकूण.

मग हीलरचं काय? माझं म्हणणं असं की रेकी आहे, होमिओपॅथी आहे की आणखी काही यावरून लगेच भांडू नका. होमिओपॅथीच्या ३० पोटेन्सीत मूळ पदार्थ १ वर ६० शून्य इतका पातळ केलेला असतो, म्हणजे तुमच्या बादलीत त्याचा एक रेणू असायची पण शक्यता नाही. रेकी माणसासाठी म्हणून जपानमध्ये १९२० च्या दशकात सुरू झाली, ती झाडात नेमकं काय करते हे मला कोणी पटेल असं सांगितलेलं नाही. राखेत थोडं पोटॅश आणि चुना असतो, चिमूटभर टाकली तर एवढ्या मोठ्या झाडाला कळणार पण नाही. माझा विश्वास नाही, स्पष्टच सांगते. पण माझा विश्वास नसणं हा काही पुरावा नाही, तसंच काकांचा विश्वास असणं पण नाही.

मुंबईत गोची वेगळीच होते. मे महिन्यात झाड मरगळलेलं असतं, माणूस घाबरून काहीतरी उपाय करतो, जूनमध्ये पाऊस पडतो, पंधरा दिवसात पालवी, आणि श्रेय जातं उपायाला. पावसाला कोणी अडीच हजार देत नाही. देशी बदामाचं तर विचारूच नका, वर्षातून दोनदा पानं लाल होऊन गळतात आणि पुन्हा येतात, म्हणजे बदामाला काहीही करा, रेकी द्या, शिव्या द्या, तो ‘बरा’ होणारच. पर्जन्यवृक्ष पण उन्हाळ्याच्या तोंडाला पानं टाकतो. झाडाला काही श्रद्धा नसते म्हणून तिथे मनाचा खेळ चालत नाही असं हीलर लोक नेहमी सांगतात, पण बघणाऱ्याला श्रद्धा असते ना, आणि झाड सुधारलं की नाही हे तोच ठरवतो!

तुमच्याकडे तीन झाडं आहेत हे नशीब समजा. गेटजवळच्याची तुलना त्या दोघांशी करता येईल, त्यात त्यांच्यावर पण थोडा ढेकूण असेल (जवळजवळ असतोच) तर उत्तमच. तिघांच्याही बुंध्याभोवती मीटरभर जागा मोकळी करा, हीलरना गेटजवळचंच द्या, बाकी दोघांना त्यांनी हात लावायचा नाही, आणि दर महिन्याला त्याच त्याच फांद्यांचे फोटो अशा कोणाकडून काढून घ्या ज्याला कुठल्या झाडाला काय केलंय ते माहीत नाही, एखाद्या कॉलेजच्या पोराला सांगा. पुढच्या मेपर्यंत थांबा. पावसाळ्यात निकाल लावायचा नाही. हीलर या अटीला तयार झाले तर माणूस प्रामाणिक आहे असं मी तरी म्हणेन, आणि पैसे निकालानंतर द्यायचं ठरवा. पण ढेकणाचा उपाय मात्र तोपर्यंत थांबवू नका, तो तिन्ही झाडांवर सारखा करा म्हणजे तुलना पण बिघडणार नाही. कीड लागलेल्या फांद्या रीतसर परवानगी घेऊन छाटायच्या, उघड्या टेम्पोतून गावभर फिरवायच्या नाहीत, आणि फवारणी जाणकाराकडूनच, तुमच्या वॉचमनकडून नाही.

सेक्रेटरींसाठी एक गोष्ट. फ्रान्समध्ये बोर्डोजवळ द्राक्षवाले रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडायचे, का तर येणाऱ्याजाणाऱ्यांनी द्राक्षं तोडून खाऊ नयेत म्हणून. मियार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की नेमक्या त्याच वेलींवर केवडा रोग नाही. त्याने ते तपासलं, १८८५ मध्ये छापलं, आणि आज कोकणातला सुपारीवाला कोळेरोगासाठी जे मारतो ते हेच बोर्डो मिश्रण. किंवा पपईचं घ्या. २००८ मध्ये पपईवरचा पिठ्या ढेकूण भारतात आला, औषधांना दाद देईना, मग २०१० मध्ये परदेशातून डोळ्याला जेमतेम दिसणाऱ्या गांधीलमाश्या आणून सोडल्या आणि त्यांनी तो आटोक्यात आणला. ‘माश्या सोडून झाड बरं करतो’ असं कोणी तुमच्या मीटिंगमध्ये म्हणालं असतं तर त्याला पण थोतांडच म्हणाला असतात. फरक इतकाच की त्या माश्या सोडायच्या आधी तपासलेल्या होत्या.

प्रश्न: मी लालबागला राहतो, रोह्याजवळ आमची थोडी आंब्याची कलमं आहेत. वृक्षायुर्वेदाच्या एका वर्कशॉपला गेलो होतो, तिथे सांगितलं की खोडातून भुसा येतो तो झाडाचा कफदोष, कुणपजल घाला. घालू का?

उत्तर: दादा, कुणपजल घाला, पण भुशासाठी नको. सुरपालाचा वृक्षायुर्वेद हा झाडांची निगा आणि उपचार यांवरचा संस्कृत ग्रंथ हजारएक वर्षांपूर्वीचा मानतात, त्याची पोथी ऑक्सफर्डच्या ग्रंथालयात पडून होती, १९९६ मध्ये भाषांतरासकट छापली गेली. त्यातलं कुणपजल म्हणजे मांस, मासळी, तिळाची पेंड, उडीद, मध वगैरे कुजवून केलेलं पाणी, आणि त्यात नत्र भरपूर असणार हे सांगायला त्रिदोष लागत नाही, आपल्या आज्या मासे धुतलेलं पाणी नारळाला घालायच्याच की. वास मात्र असा येतो की शेजारी बोलणं बंद करतील. वात-पित्त-कफ झाडाला कसा मोजायचा हे मात्र मला कळत नाही, आणि संस्कृत नाटकात तरुणीच्या लाथेने अशोक फुलतो तेवढ्याच प्रेमाने मी ते वाचते.

तुमचा भुसा म्हणजे भिरूड. अळी खोड पोखरत आत बसलीये. भोक शोधा, तारेचा आकडा घालून ती बाहेर ओढा, मग कृषी सहाय्यकाने सांगितलेल्या औषधाचा बोळा आत घालून भोक चिखलाने लिंपा. हे आत्ता करा, अळी खोडात फिरत राहिली तर अख्खं कलम बसतं.

प्रश्न: बोरिवलीला आमच्या बिल्डिंगसमोर गुलमोहर आहे, खोडाला मोठी ढोली आणि बुंध्याशी तपकिरी कडक छत्र्या. एकजण म्हणतो सिमेंट भरून वर डांबर लावतो, झाड दहा वर्षं हलणार नाही. हा तरी शास्त्रीय उपाय ना?

उत्तर: नाही हो. एकेकाळी होता, मोठमोठे ट्री सर्जन हेच करायचे. अमेरिकेच्या वन खात्यातल्या अॅलेक्स शायगोने हजारो झाडं उभी चिरून बघितली तेव्हा कळलं की झाड कुजका भाग आतून भिंती घालून स्वतःच अडवतं, आणि जखमेवर काही फासून कूज थांबत नाही. भोक साफ करायला खरवडलं तर उलट त्या भिंतीच फुटतात, आणि सिमेंट झाडाबरोबर वाकत नाही. म्हणजे शास्त्रातले उपाय पण तपासून बाद होतात.

तुमच्या त्या छत्र्या बहुतेक गॅनोडर्मा नावाची बुरशी, मुळं कुजल्याची खूण. वरून हिरवंगार दिसणारा गुलमोहर पहिल्या जोरदार वाऱ्याला आडवा होतो तो असाच. इथे रेकी, सिमेंट, तुलना, काहीच नको. पालिकेच्या वॉर्ड ऑफिसात उद्यान खात्याला फोटोंसकट लेखी अर्ज द्या, पोच घ्या, झाड कललेलं वाटलं तर पालिकेच्या १९१६ या हेल्पलाइनला फोन करा, आणि तोवर त्याखालच्या रिक्षा आजच हलवायला सांगा.