काळ्या मातीचा लेप: प्रमाणाचं नंतर बघू, आधी माती कडक वाळवा

भाऊ, तुम्ही म्हणता रानातली काळी माती टबात कालवली तर गोळे काही फुटेनात, अंगाला लावली तर वाळून कातडी ओढायली, मग माती किती नि पाणी किती घ्यायचं. प्रमाण सांगतो, पण घोळ प्रमाणाचा नाहीये. पाऊस पडून गेल्यावर ओली माती आणली ना, तिथंच गडबड झाली. ओलं काळं ढेकूळ रात्रभर पाण्यात ठेवा, आतून घट्टच राहतं, आणि तेच ढेकूळ उन्हात कडक वाळवून पाण्यात सोडा, बुडबुडे येत येत आपोआप फुटून खाली बसतं, कारण कोरड्या ढेकळात पाणी झपकन शिरतं नि आतली हवा बाहेर ढकलतं, ओल्यात शिरायला जागाच नसते.

तर माती पाण्यात टाकायची, मातीवर पाणी ओतायचं नाही, आणि टाकली की लगेच काठी घालून ढवळायचं पण नाही. रात्रभर तसंच सोडा. सकाळी भरपूर पाणी करून ढवळा, अर्धा मिनिट थांबा आणि वरचं गढूळ दुसऱ्या बादलीत ओता. खाली वाळू नि चुनखडीचे खडे राहतात, ते फेकून द्या, आपल्याकडच्या मातीत हे पांढरे खडे लई असतात आणि चोळताना तेच खरचटतात. गढूळ पाणी जुन्या धोतरातून नाहीतर सुती ओढणीतून गाळून ठेवा, माती बसली की वरचं नितळ पाणी काढून टाका. बोअरच्या जड पाण्यात माती लवकर बसते, पावसाच्या पाण्यात दुसऱ्या दिवशीसुद्धा गढूळच दिसते, घाबरू नका.

आता प्रमाण. असं गाळायचं नसेल आणि वाळवून कुटून चाळलेली माती थेट भिजवायची असेल तर किलोला साधारण पाऊण लिटरमध्ये लेप होतो, अंगावर ओतता येईल असं पातळ पाहिजे तर दीड लिटर. माती-लेपाच्या व्हिडिओत सांगतात ती मापं इथं जुळत नाहीत कारण आपली बेसाल्टच्या दगडाची काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, तेच तुमच्या पाठीवर छोट्या प्रमाणात होतं! म्हणून नुसती काळी घेऊ नका, तीन वाट्याला एक वाटी धाब्याच्या, म्हणजे सपाट मातीच्या छपराच्या घरावर टाकतात ती पांढरी माती नाहीतर बारीक पोयटा मिसळा, ओढ कमी होते. आणि पूर्ण वाळू देऊच नका, कडा फिक्या पडायला लागल्या की धुवा.

तळ्यातला गाळ फुकट मिळतो म्हणून उचलायलेत लोक, पण गावाचं सांडपाणी ज्या तळ्यात जातं तिथला नको. कापसाच्या रानातली वरची माती तर अजिबात नको, फवारणी नि तणनाशक सगळं तिच्यातच उतरतं, आणि आजकाल बांधावर पण मारतात. गायरानात दोन-तीन फूट खोदून खालची काढा, शेणखताच्या ढिगापासून लांब. उन्हात कितीही तापवली तरी धनुर्वाताचे बीजाणू मरत नाहीत, त्यामुळं अंगावर जखम, फोड, चिरलेलं काही असेल तर त्या दिवशी राहू द्या. हळद टाकली म्हणजे निर्धोक झाली असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, तालमीच्या लाल मातीत हळद, ताक, तेल घालतात ते वेगळं प्रकरण आहे.

टबात बसायचा हट्ट मात्र कामून? बुडून बसायला ढिगभर माती लागते आणि मे महिन्यात आपल्याकडं टँकरची वाट बघतात लोक. निसर्गोपचारात पण माती बहुतेक पट्टीनंच देतात, गांधीजींनी 1946 मध्ये उरुळी कांचनला आश्रम काढला, ते स्वतः पोटावर ओल्या मातीची पट्टी ठेवायचे. अर्धा इंच जाड, ओल्या फडक्यात, वीस-पंचवीस मिनिटं, उन्हाळ्यात एवढ्यानं भारी गार वाटतं. सगळ्या अंगाला लावायचं तर अर्धी बादली लेप पुरतो. ताप, गरोदरपण, हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय नको.

आणि धुताना न्हाणीत धुऊ नका राव, ही माती पाइपात बसली की प्लंबरला पैसे. लिंबाच्या नाहीतर आंब्याच्या आळ्यात उभं राहून पहिल्या दोन बादल्या तिथंच ओता. उरलेला लेप झाकून वर बोटभर पाणी ठेवला तर टिकतो, पण कुबट वास यायला लागला की झाडाला टाका आणि नवा भिजवा.