लायसन्सची रायफल असेल तर दाजीपूरच्या डोंगरात गवा किंवा डुक्कर मारता येतं का?

नाही भावा. बंदुकीचं लायसन्स म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम 9 नं शिकारीला बंदी आहे. गवा तर अनुसूची 1 मध्ये, म्हणजे कायद्यातल्या सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत, सापडलास तर 3 ते 7 वर्षं आत. दाजीपूर-राधानगरी एकेकाळी कोल्हापूरच्या छत्रपतींचं शिकारीचं रान होतं, खरंय. कोल्हापुरात त्यांच्या न्यू पॅलेसमध्ये पेंढा भरलेली जनावरं बघितलीच असशील. पण 1958 पासून तिथं अभयारण्य आहे.

डुकरानं ऊस लोळवला असेल तर गोष्ट वेगळी, भरपाई मागता येते. आमच्याही बांधावर सकाळी चघळून टाकलेल्या कांड्या आणि उकरलेली सरी दिसते, जीव तळमळतो. पंचनाम्याआधी काही उचलू नको, फोटो काढ आणि त्याच दिवशी वनपालाकडं भरपाईचा अर्ज दे.