फोर्टचं विद्यापीठ आणि काळा घोडा: काय बघायचं, कधी यायचं

ताई, तुमच्या मुलीला चर्चगेटजवळच्या कॉलेजात प्रवेश मिळाला, हॉस्टेलही तिथेच मिळालं, याचा आनंद झाला. तुमचे प्रश्न दोन आहेत. विद्यापीठाच्या आसपास वर्षभरात बघण्यासारखं काय असतं, आणि चिपळूणहून तुम्ही दोघांनी दोन दिवस काढून फोर्टातल्या काळा घोडा या कला महोत्सवाला यावं का? जरूर या. फक्त शनिवार-रविवार टाळा आणि मंगळवार-बुधवार धरा. त्याची कारणं पुढे येतीलच.

आधी एक घोळ मिटवू, कारण दरवर्षी नवी मुलं त्यात अडकतात. मुंबई विद्यापीठाची मोठी आवारं दोन आहेत. एक फोर्टचं, ओव्हल मैदानासमोरचं जुनं. दुसरं सांताक्रूझ पूर्वेला कलिन्याचं, म्हणजे विद्यानगरी. बहुतेक पदव्युत्तर विभाग कलिन्यात आहेत. सूचनेत नुसतं ‘मुंबई विद्यापीठात कार्यक्रम’ असं असेल, तर खाली सभागृहाचं नाव वाचायचं. ‘दीक्षांत सभागृह’ असेल तर फोर्ट, ‘विद्यानगरी’ असेल तर कलिना. चर्चगेटहून कलिन्याला लोकल आणि पुढे बस किंवा रिक्षा धरून तास तरी हाताशी ठेवावा.

विद्यापीठाची स्थापना १८ जुलै १८५७ ची, पण ओव्हलसमोरच्या या इमारती नंतरच्या. दीक्षांत सभागृह १८७४ मध्ये पुरं झालं, राजाबाई टॉवर १८७८ मध्ये. दोन्हींचे आराखडे जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचे. टॉवर आणि त्याखालच्या ग्रंथालयासाठी प्रेमचंद रायचंद यांनी पैसा दिला आणि मनोऱ्याला आईचं, राजाबाईंचं नाव दिलं. उंची ८५ मीटर. वर चढायला परवानगी नाही, त्यामुळे तो बेत आखू नका. आवारात शिरायलाही दारावर ओळखपत्र विचारतात. मुलगी विद्यापीठाशी संलग्न कॉलेजची असेल तर कॉलेजचं ओळखपत्र कायम जवळ ठेवायला सांगा.

आत जाता आलं नाही तरी हळहळू नका, कारण या इमारतींचं बरंचसं वैभव बाहेरूनच दिसतं. त्यासाठी वेळ मात्र नेमकी साधली पाहिजे. या सगळ्या इमारतींचं तोंड पश्चिमेला, ओव्हलकडे आहे. सकाळी गेलात तर सूर्य त्यांच्या पाठीमागे असतो. दगड काळपट दिसतो आणि फोटोत नुसती आकृती उमटते. दुपारी चारनंतर मैदानात उभं राहिलं की कुर्ल्याचा तो पिवळसर दगड उजळतो आणि कोरीवकाम एकेक करून दिसायला लागतं. सभागृहाची मोठी वर्तुळाकार खिडकी बघा. तिच्या रंगीत काचांत बारा राशी आहेत. काचेचे रंग मात्र आतूनच कळतात, बाहेरून फक्त शिशाच्या पट्ट्यांची जाळी दिसते. म्हणून मुलीला सभागृहातल्या एखाद्या कार्यक्रमाला बसायची संधी मिळाली तर ती तिने सोडू नये, आणि कार्यक्रम दुपारचा असेल तर फारच उत्तम. सभागृहाच्या कोपऱ्यांवरचे कमानींचे उघडे गोल जिनेही बघा. टॉवरवर पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या समाजांची माणसं कोरलेली आहेत, पगड्यांसकट. ते पुतळे रावबहादूर मुकुंद रामचंद्र यांनी घडवले. नुसत्या डोळ्यांना ती माणसं लहान दिसतात. घरात दुर्बीण असेल तर आणा.

आता तिथेच उभं राहून पाठ फिरवा. मैदानाच्या पश्चिमेला १९३० च्या दशकातल्या, आर्ट डेको या शैलीतल्या इमारतींची रांग आहे: एम्प्रेस कोर्ट, कोर्ट व्ह्यू आणि त्यांच्या शेजारणी. गोलाई दिलेले सज्जे, खिडक्यांवरच्या पापणीसारख्या पातळ छज्ज्या, दारावरची इमारतीच्या नावाची अक्षरं. यांचं तोंड पूर्वेला, म्हणून यांना सकाळचं ऊन हवं. हे दोन काळ एकाच मैदानाच्या दोन बाजूंना समोरासमोर उभे आहेत, म्हणूनच हा सगळा समूह २०१८ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेला. माझ्या मते मुंबईत फुकट बघण्यासारखी याहून मोठी गोष्ट नाही. सकाळी एक बाजू आणि संध्याकाळी दुसरी असं केलंत तर दोन्ही नीट बघून होतील.

टॅक्सीवाल्याला पत्ता सांगताना एक काळजी घ्या. ‘जहांगीर’ या नावाच्या इथे तीन वास्तू आहेत. विद्यापीठाचं दीक्षांत सभागृह सर कावसजी जहांगीर यांच्या नावाचं. राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय (लोक ‘एनजीएमए’ म्हणतात) ज्या इमारतीत १९९६ पासून आहे, ते पूर्वीचं कावसजी जहांगीर सार्वजनिक सभागृह. आणि १९५२ ची जहांगीर आर्ट गॅलरी. एकाच घराण्याच्या या देणग्या. ससून घराण्याचंही तसंच. डेव्हिड ससून वाचनालय (१८७०), निळं केनेसेथ एलियाहू सिनेगॉग (१८८४) आणि ज्याच्यावरून या भागाला नाव पडलं तो काळा घोडासुद्धा त्यांचाच. मूळ पुतळ्यात घोड्यावर राजपुत्र, म्हणजे पुढचे सातवे एडवर्ड बसलेले होते. तो पुतळा १९६५ मध्ये इथून हलवला आणि भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेला. आज दिसतो तो स्वार नसलेला घोडा २०१७ चा आहे. सिनेगॉग बघायचं असेल तर आधारकार्ड लागेल. शनिवारी त्यांच्या प्रार्थनेचा दिवस असतो, तेव्हा जाऊ नये.

जहांगीर आर्ट गॅलरीबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण मुलीला वर्षभर सगळ्यात जास्त उपयोग तिचाच होईल. प्रवेश मोफत, वेळ ११ ते ७. प्रदर्शनं साधारण मंगळवारी लागतात आणि पुढच्या सोमवारी संपतात. मंगळवारी गेलं की भिंतीवर सगळं नवं असतं आणि चित्रकार स्वतः हजर असतो. सोमवारी संध्याकाळी गेलं तर चित्रं उतरवून गुंडाळण्याची घाई चाललेली दिसते. इथली तारीख मिळायला कलाकारांना कित्येक वर्षं थांबावं लागतं. त्यामुळे आलेला माणूस आपलं सगळ्यात चांगलं काम घेऊन आलेला असतो आणि विचारलं तर मनापासून बोलतो. ‘हे काय आहे?’ असं विचारण्यापेक्षा ‘रंग कुठला वापरलाय, आधी काय रंगवलं?’ असं विचारावं, गप्पा लगेच सुरू होतात. चित्राशेजारी लाल ठिपका असेल तर ते विकलं गेलेलं आहे. पावसाळ्यात इथे ‘मान्सून आर्ट शो’ असतो, त्यात कला महाविद्यालयांतून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलांची कामं असतात. तुमच्या मुलीच्या वयाचीच ही मुलं, तेव्हा तिने तो चुकवू नये. गॅलरीबाहेरच्या फुटपाथवर चित्रकार समोर बसवून पोर्ट्रेट काढून देतात. बसण्याआधी तीन गोष्टी ठरवून घ्या: कागदाचा आकार, पेन्सिल की रंग, आणि किती पैसे.

आता मंगळवार-बुधवारचं. काळा घोडा महोत्सव १९९९ पासून भरतो. शनिवारी सुरू होऊन पुढच्या रविवारी संपतो, एकूण नऊ दिवस, प्रवेश मोफत. तारीख मात्र दरवर्षी सरकते, आणि तुमच्या बेतात हाच धोका आहे. २०२४ मध्ये तो २० ते २८ जानेवारी होता, २०२५ मध्ये २५ जानेवारी ते २ फेब्रुवारी. ‘फेब्रुवारीचा पहिला आठवडा’ असं जुन्या सवयीने धरून तिकीट काढलंत तर कदाचित महोत्सव उठल्यावर पोचाल. तारखा जाहीर झाल्या की मगच रेल्वेचं आरक्षण करा.

दोन्ही शनिवार-रविवारी संध्याकाळी महोत्सवाच्या मुख्य रस्त्यावर, रॅम्पार्ट रोवर, इतकी गर्दी होते की मांडणीशिल्पांपुढे उभं राहायला जागा नसते. रांग लांब, पिशव्यांची तपासणी, आणि मोबाइलचं नेटवर्क कोलमडलेलं. नेटवर्क गेलं की स्टॉलवर यूपीआय चालत नाही, म्हणून चारपाचशे रुपये सुट्ट्या नोटांत ठेवा. भर म्हणजे रविवारी मेगाब्लॉक असतो, दुरुस्तीसाठी काही लोकल बंद असतात. मधल्या दिवसांत सकाळी ११ ते दुपारी ३ हा वेळ निवांत. शेवटच्या दिवसांपर्यंत थांबू नका, कारण मांडणीशिल्पं उघड्यावर असतात. ऊन, धूळ आणि फोटोसाठी टेकणारे हात यांनी शेवटच्या रविवारपर्यंत त्यांची रया गेलेली असते. सोमवार मात्र नको, त्या दिवशी एनजीएमए बंद. म्हणून मंगळवार.

महोत्सवाला नुसती बाहेरची जत्रा समजून परत जाणारे खूप. खरा ऐवज सभागृहांतल्या कार्यक्रमांत, कार्यशाळांत आणि वारसा-फेऱ्यांत असतो. वारसा-फेऱ्या आणि कार्यशाळांच्या जागा मोजक्या असतात, ऑनलाइन नोंदणी उघडली की भराभर संपतात. कार्यक्रमपत्रिका आली त्याच दिवशी मुलीला नोंदणी करायला सांगा. साहित्याचे कार्यक्रम बरीच वर्षं डेव्हिड ससून वाचनालयाच्या मागच्या बागेत होत आलेत. तिथे खुर्च्या थोड्या, अर्धा तास आधी जाऊन बसावं. गाडी आणूच नका, पार्किंग मिळत नाही. दादरला उतरून चर्चगेटची लोकल घ्या, मोठं सामान आधी मुक्कामाच्या जागी टाका आणि ओव्हलमधल्या पायवाटेने चालत या, पंधरा मिनिटं पुरतात. मेट्रो ३ चं हुतात्मा चौक स्थानकही आता जवळ आहे. रात्री मैदानाची फाटकं बंद होतात, तेव्हा परतताना कडेच्या रस्त्याने जा.

दुसऱ्या दिवशीची सकाळ छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाला द्या. १९२२ मध्ये ते लोकांसाठी खुलं झालं. सव्वादहाला उघडतं, तीन तास धरा, विद्यार्थ्यांना तिकिटात सवलत असते, ओळखपत्र दाखवावं लागतं. सगळं बघायच्या नादात पाय गळून जातात, म्हणून निवडून बघा. माझी निवड सांगतो: सोपाऱ्याला सापडलेला अशोकाच्या शिलालेखाचा दगड (नालासोपारा लोकलच्या फलकावर रोज वाचतो ते हेच गाव), सिंधमधल्या मीरपूरखासची मातीची बुद्धमूर्ती, आणि प्राचीन अश्शूरच्या (ॲसिरियाच्या) राजवाड्यातली शिल्पं.

बाकीचं वर्ष थोडक्यात. ऑगस्टमध्ये सेंट झेवियर्स कॉलेजचा ‘मल्हार’ असतो. कॉलेजांच्या संघांसाठी तो स्पर्धेचा उत्सव आहे, त्यामुळे ऐनवेळी नुसतं दारात जाऊन प्रवेश मिळेल असं धरू नये, पास आणि ओळखपत्र दोन्ही विचारतात. मुलीला भाग घ्यायचा असेल तर जून-जुलैतच कॉलेजच्या सांस्कृतिक मंडळात नाव द्यावं लागतं. विद्यापीठाच्या युवा महोत्सवाचंही तेच: कॉलेजकडून नाव गेलं तरच उतरता येतं, आणि आधी विभागीय फेरी, मग अंतिम. एकांकिकेची आवड असेल तर तिने आयएनटीच्या (इंडियन नॅशनल थिएटर या नाट्यसंस्थेच्या) आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेवर लक्ष ठेवावं. प्रेक्षक म्हणून बसलं तरी खूप शिकायला मिळतं. जानेवारीत झेवियर्सच्याच आवारात त्यांच्या इंडियन म्युझिक ग्रुपचा शास्त्रीय संगीताचा ‘जनफेस्ट’ असतो. थंडीतली मोकळ्या चौकातली मैफल असते, शाल न्यावी. जानेवारीचा तिसरा रविवार मॅरेथॉनचा. पहाटेपासून सीएसएमटी ते चर्चगेट पट्ट्यातले रस्ते बंद असतात, त्या दिवशी गावाहून येऊ नका. आयआयटीचा ‘मूड इंडिगो’ डिसेंबरात पवईला असतो, म्हणजे त्याला वेगळा दिवस काढावा लागतो.

एका दिवसाबद्दल मात्र मला आग्रहाने सांगायचं आहे. विद्यापीठापासून पाच मिनिटांवर हुतात्मा चौक आहे. तिथे १८६४ चं फ्लोरा फाउंटन आहे आणि शेजारी मशाल हाती धरलेल्या शेतकरी-कामगाराचा पुतळा. २१ नोव्हेंबर १९५५ ला याच चौकात संयुक्त महाराष्ट्रासाठी जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला होता. दरवर्षी २१ नोव्हेंबरला आणि १ मे रोजी इथे पुष्पचक्र वाहतात. सकाळी बंदोबस्त असतो, मंत्र्यांच्या गाड्या येऊन जातात. ती गर्दी ओसरली की साधारण अकरानंतर स्मारकाजवळ शांतपणे उभं राहता येतं. फुलं न्यायची असतील तर चर्चगेट स्टेशनबाहेरून घ्या. १९ ते २५ नोव्हेंबर हा जागतिक वारसा सप्ताहही असतो, त्या आठवड्यात या भागात माहितीच्या फेऱ्या निघतात, तर दोन्ही एकाच खेपेत जमेल.

तुमच्या महोत्सवाच्या तारखा नक्की झाल्या की इथे कळवा. त्या आठवड्यातल्या कार्यक्रमांतून दोघांना झेपतील असे चारपाच निवडून, कुठून कुठे किती चालावं लागेल हेही लिहून देईन.