डार्ट फेकताना नेमकं उभं कसं राहायचं?

तुम्ही विचारलंय की बोर्डाकडे तोंड करून उभं राहावं की आडवं, म्हणजे बोर्डाकडे खांदा करून, आणि थोड्या वेळाने कंबर का भरून येते. माझ्या मते सुरुवात मधल्या पवित्र्याने करा. उजव्या हाताने फेकत असाल तर उजवं पाऊल पुढे, ज्या रेषेमागे उभं राहून डार्ट फेकतात तिच्याशी साधारण ४५ अंशांत तिरकं. पूर्ण आडवं उभं राहिलं की हात बोर्डाच्या थोडा जवळ जातो हे खरं, पण घोटा आणि कंबर पिळवटते. पूर्ण समोर उभं राहिलं तर तोल सांभाळणं अवघड.

खरी गोष्ट वजनाची आहे. बरंचसं वजन पुढच्या पायावर, मागच्या पायाची बोटं मात्र जमिनीला टेकलेली हवीत. फेकताना मागचा पाय उचलला जात असेल तर तुम्ही जास्त वाकताय. रेषा बोर्डापासून २.३७ मीटरवर असते. आणखी दोन इंच पुढे झुकून फारसं काही हाती लागत नाही, उलट कंबर धरते ती याच झुकण्यामुळे. गुडघा सरळ ठेवा, पण ताठ आवळू नका.

तपासायची सोपी रीत: पवित्रा घ्या, हात फेकायच्या तयारीत धरा आणि वीस सेकंद तसेच थांबा. शरीर डोलायला लागलं तर पावलांमधलं अंतर बदला. डार्ट सुटताना खांदा, डोकं आणि कंबर हलता कामा नये, हालचाल कोपरापासून पुढेच. जागा जमली की बुटाचं टोक रेषेवर नेमकं कुठे येतं ते लक्षात ठेवा आणि निदान दोन आठवडे तरी काही बदलू नका.