पटावरचे प्रश्न : इंजिनाला अवघड एंडगेममध्ये कसं तपासायचं?

या महिन्यात इंदूरहून आलेली बरीच पत्रं एकाच विषयावर आहेत : बुद्धिबळाच्या डावाच्या शेवटी थोड्याच सोंगट्या उरल्या, म्हणजे एंडगेम आला, की कॉम्प्युटरच्या (बुद्धिबळ खेळणाऱ्या प्रोग्रॅमच्या, म्हणजे इंजिनाच्या) सांगण्यावर किती भरवसा ठेवावा? म्हणून या वेळी ओपनिंगचे प्रश्न बाजूला ठेवले आहेत.

प्रश्न : ताई, मी नववीत आहे आणि सुदामा नगरात राहतो. माझ्या मोबाइलवर एक इंजिन आहे, बाबांच्या लॅपटॉपवर दुसरं. एंडगेममध्ये कोणतं भारी हे बघायला मी पन्नास अवघड पोझिशन जमवल्या. प्रत्येकीला दहा सेकंद दिले आणि बरोबर खेळी किती वेळा आली ते मोजलं. दोघांना जवळजवळ सारखेच गुण मिळाले. मित्र म्हणतो, म्हणजे दोन्ही सारखीच. बरोबर आहे का?

उत्तर : नाही, एवढ्यावरून तसं म्हणता येणार नाही. पण तू वही घेऊन मोजायला बसलास याचा मला फार आनंद झाला, म्हणून तुला सविस्तर लिहिते.

पट मांड. पांढरा राजा ए१ वर. पांढरी प्यादी ए४, डी४, डी५ आणि एफ४ वर. काळा राजा ए७ वर. काळी प्यादी ए५, डी६ आणि एफ५ वर. खेळी पांढऱ्याची. ही लास्कर-राइखेल्म पोझिशन, १९०१ सालची. रूबेन फाइन यांच्या १९४१ च्या एंडगेमवरच्या पुस्तकात ती ७० व्या क्रमांकावर आहे, म्हणून इंजिन तपासणारे तिला नुसतं ‘फाइन ७०’ म्हणतात. सगळी प्यादी समोरासमोर अडकली आहेत, हलतात ते फक्त राजे. पांढऱ्याला खेळता येतील अशा खेळ्या तीनच : राजा ए२, बी१ किंवा बी२. त्यांतली फक्त बी१ जिंकते, बाकी दोन्हींत बरोबरी.

आता विचार कर. ज्या इंजिनाला यातलं काहीही कळलेलं नाही, तेही तीनांतून एक खेळी उचलणारच. डोळे मिटून उचलली तरी तीनदा खेळल्यास सरासरी एकदा बी१ येईल, आणि तुझ्या वहीत त्याला पूर्ण गुण पडतील. म्हणून खेळीशेजारचा आकडाही लिहून ठेव, म्हणजे कोणती बाजू किती पुढे आहे हे इंजिन ज्यातून सांगतं तो. जोपर्यंत इंजिनाला जिंकण्याची वाट दिसत नाही, तोपर्यंत ते ‘पांढऱ्याकडे एक प्यादं जास्त’ एवढंच सांगत राहतं. वाट दिसली की आकडा एकदम वर उडी घेतो. ही उडी किती खोलीवर, म्हणजे किती खेळ्या पुढचं बघितल्यावर आली, हे मोजण्यासारखं आहे.

ही पोझिशन मला फार आवडते, कारण तिच्यात यंत्राचं एक मर्म उघडं पडतं. प्यादी अडकलेली असल्यामुळे पहिला मार होईपर्यंत पटावर किती वेगवेगळ्या स्थिती येऊ शकतात? एका राजाला ६४ घरं, दुसऱ्याला ६४ आणि पाळी दोघांपैकी एकाची : ६४ × ६४ × २, म्हणजे फार तर ८१९२. प्रत्यक्षात त्याहूनही कमी. पण त्या स्थितींपर्यंत पोचायच्या वाटा मात्र अब्जावधी. एकच स्थिती हजार वाटांनी समोर येते. जे इंजिन ‘ही मी पाहिली आहे’ असं लक्षात ठेवतं, ते झपाट्यानं खोल उतरतं; जे ठेवत नाही, ते तेच तेच पुन्हा मोजत बसतं. सेटिंगमध्ये जो ‘हॅश’ दिसतो, ती हीच आठवण. म्हणून प्रत्येक पोझिशनआधी हॅश रिकामा कर. नाहीतर दुसऱ्या वेळी ते विचार करून सांगत नसतं, मागचं आठवून सांगत असतं.

खेळी आणि आकडा जुळले की डाव पुढे खेळून बघ. तू काळा घे. एक खेळी पांढऱ्याची, एक काळ्याची अशा आळीपाळीनं : राजा बी१, बी७, सी१, सी७, डी१, डी८, सी२, सी८, डी२, डी७, सी३, सी७, आणि मग डी३. इथे काळ्याची पंचाईत होते. बी५ वरून ए५ चं प्यादं जाऊ नये आणि जी५ वरून एफ५ चं जाऊ नये, दोन्ही दारं एकट्या राजाला राखायची आहेत. तो बी६ ला गेला तर पांढरा राजा ई३ वरून उजवीकडे निघतो आणि जी५ ला आधी पोचतो. डी७ किंवा सी८ ला गेला तर पांढरा राजा सी४, आणि पुढे बी५. ही वाट इंजिनानं न अडखळता धरली तर त्याला पोझिशन कळली असं म्हणू. आणखी एक कर : पट आरशात धरल्यासारखा उलटा मांड. राजा एच१, प्यादी एच४, ई४, ई५, सी४. काळा राजा एच७, प्यादी एच५, ई६, सी५. आता उत्तर जी१ यायला हवं. दोन्हीकडे इंजिन सारखंच वागलं पाहिजे.

आता तुझ्या प्रयोगातली मोठी अडचण. एक इंजिन मोबाइलवर आणि दुसरं लॅपटॉपवर असेल, तर दहा सेकंदांत तू इंजिनांची तुलना करत नाहीस, यंत्रांची करतोस. दोन्ही लॅपटॉपवरच चालव. त्यातही इंदूरच्या मे महिन्यात दुपारी लॅपटॉप तापला की त्याचा वेग उतरतो, आणि सकाळचे दहा सेकंद आणि दुपारचे दहा सेकंद सारखे राहत नाहीत. म्हणून सेकंदांऐवजी नोड्सची मर्यादा घाल. नोड म्हणजे इंजिनानं तपासलेली एक स्थिती. थ्रेड (एकाच वेळी समांतर चालणारा हिशेब) एकच ठेव, कारण अनेक थ्रेड असले की तेच इंजिन त्याच पोझिशनवर दरवेळी वेगळं वागू शकतं. आणि टेबलबेस बंद कर. सात सोंगट्यांपर्यंतची उत्तरं तयार कोष्टकात असतात. ती जोडलेली असतील तर तू इंजिनाची नाही, कोष्टकाची परीक्षा घेतोस. फाइन ७० मध्ये नऊ सोंगट्या आहेत, म्हणून ती अजून उपयोगाची आहे.

पन्नास पोझिशनची एकच बेरीज करू नकोस. त्यांचे ढिगारे कर : झुगझ्वांगच्या (जिथे पाळी आली हेच संकट असतं अशा) वेगळ्या, न फुटणाऱ्या तटबंदीच्या वेगळ्या, प्यादं शेवटच्या ओळीवर पोचल्यावर वजिराऐवजी दुसरं काही घ्यावं लागतं अशा वेगळ्या. झुगझ्वांगवर इंजिनं का चुकतात ते ऐक. वेळ वाचवायला बरीच इंजिनं अशी कल्पना करतात की ‘मी माझी पाळी सोडून दिली तरी माझं चांगलंच चाललंय, मग या फांदीत आणखी खोल कशाला बघू?’ एरवी हे फार कामाचं आहे. पण झुगझ्वांगमध्ये पाळी सोडता आली असती तर प्रश्नच नव्हता, खेळावं लागतं म्हणूनच माणूस हरतो. त्यामुळे नुसते राजे आणि प्यादी उरली की बरीच इंजिनं ही युक्ती बंद करतात. खरी कसोटी हत्ती, उंट, घोडे असलेल्या झुगझ्वांगची असते. तशा पोझिशन शोध. सगळ्या ढिगाऱ्यांवर दोन्ही इंजिनं खरोखरच सारखी येतील, असं मला वाटत नाही. निकाल मला जरूर कळव.

प्रश्न : ताई, मी रामबागेत राहतो, वय ७४. मित्राबरोबरच्या डावात माझ्याकडे वजीर होता, त्याच्याकडे हत्ती आणि एक प्यादं. त्याचा राजा डी८, प्यादं डी७, हत्ती ई६. बराच वेळ खटपट करून मी बरोबरी मान्य केली. नातवानं ती पोझिशन मोबाइलवर टाकली, तर माझ्या बाजूनं अधिक तीनच्या वर आकडा. तो म्हणतो, ‘आजोबा, तुम्ही जिंकलेला डाव सोडलात.’

उत्तर : काका, तुम्ही सोडलं काहीच नाही. तो डाव बरोबरीचाच आहे. हत्ती ई६ वर असो की सी६ वर, डी७ चं प्यादं त्याला राखतं. तो या दोन घरांत ये-जा करत राहतो, आणि तुमच्या राजाला सहावी ओळ ओलांडता येत नाही. एकट्या वजिराचे शह तिथे पुरत नाहीत.

नातवाला आकडा एकदाच बघू देऊ नका. इंजिन वीस खेळ्या खोल, तीस खेळ्या खोल, आणखी खोल जात असताना आकड्याकडे बघायला सांगा. जिंकणारा डाव असेल तर आकडा वाढत जातो. तो एकाच जागी खिळला असेल आणि इंजिन वजीर नुसता इकडून तिकडे फिरवत असेल, तर तटबंदीचा संशय घ्यावा. मग टेबलबेस जोडून बघा. पाचच सोंगट्या आहेत, लगेच शून्य दिसेल.

याचं मोठं उदाहरण २०१७ मध्ये पेनरोज इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेनं मांडलं. काळ्याकडे वजीर, दोन हत्ती आणि तीन उंट. पांढऱ्याकडे राजा आणि चार प्यादी. त्या वेळच्या इंजिनांनी काळा प्रचंड जिंकतोय असं सांगितलं. पण काळ्याचा वजीर आणि हत्ती प्याद्यांमागे कोंडलेले आहेत आणि तिन्ही उंट काळ्या घरांचे आहेत. पांढरा राजा पांढऱ्या घरांवर फिरत राहिला की त्याला कुणी हात लावू शकत नाही. माणूस हे पटाकडे बघून एका मिनिटात सांगतो. इंजिनाला डाव तसाच पुढे खेळू दिला, तर ५० खेळ्यांच्या नियमाची (५० खेळ्यांत एकही मार किंवा प्याद्याची चाल झाली नाही तर बरोबरी) हद्द जवळ येते तसा त्याचा आकडा शून्याकडे सरकतो. नातवाला हा प्रयोग तुमच्याच डावावर करायला लावा, आणि तुम्ही शेजारी बसा.

प्रश्न : घरी सगळे टेबलबेस उतरवून ठेवावेत असा विचार आहे. किती मोठी डिस्क घ्यावी?

उत्तर : सिझिजी टेबलबेस, जे रोनाल्ड डी मान यांनी २०१३ मध्ये आणले, ते पाच सोंगट्यांपर्यंत साधारण १ जीबीत मावतात. सहासाठी सुमारे १५० जीबी लागतात. सातचे २०१८ मध्ये पूर्ण झाले. ते १७ टेराबाइटच्या आसपास आहेत. घरी पाचचे ठेवा, जागा असेल तर सहाचे. सातसाठी लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर विचारता येतं, त्यासाठी डिस्कवर पैसे घालू नका.

एक गोष्ट मात्र समजून घ्या. कोष्टक ‘जिंकतो’ म्हणालं म्हणजे स्पर्धेत गुण मिळाला असं नाही. दोन उंट विरुद्ध एक घोडा हा डाव बऱ्याच जागी बरोबरीचा मानत असत. संगणकशास्त्रज्ञ केन थॉम्पसन यांच्या १९८३ च्या कोष्टकानं तो जिंकता येतो असं दाखवलं, पण कधीकधी त्याला ६६ खेळ्या लागतात. सात सोंगट्यांत तर ५४९ खेळ्यांची मात सापडली आहे. सिझिजी ५० खेळ्यांचा नियम धरून उत्तर देतात, म्हणून मी तेच सुचवते.

प्रश्न : मुलगी बारा वर्षांची आहे, जिल्हा स्पर्धा खेळते. कोष्टकाविरुद्ध सराव करून काही मिळतं का? ते तर कधीच चुकत नाही, ती निराश होते.

उत्तर : मिळतं, आणि खूप मिळतं. १९७७ मध्ये ग्रँडमास्टर वॉल्टर ब्राउन यांनी थॉम्पसन यांच्या यंत्रासमोर पैज लावली. त्यांच्याकडे वजीर, यंत्राकडे हत्ती. पुस्तकांप्रमाणे सरळ जिंकलेला डाव. पहिल्या वेळी ५० खेळ्यांत त्यांना जमलं नाही. यंत्र हत्तीला अशा घरांवर नेत होतं, जिथे कुठलाही माणूस नेला नसता. त्यांनी अभ्यास केला, पुन्हा बसले, आणि बरोबर ५० व्या खेळीला जिंकले. ही हकिकत मुलीला सांगा, तिला धीर येईल.

पण सुरुवात पूर्ण डावापासून करू नका. शेवटच्या टोकाकडून करा. पांढरा राजा सी६, वजीर ए५. काळा राजा बी८, हत्ती बी७. इथे पाळी काळ्याची असेल तर हत्तीला राजापासून दूर जावंच लागतं. पाळी पांढऱ्याची असेल तर ती काळ्यावर ढकलायची : वजीर ई५ शह, काळा राजा ए७ ला, वजीर ए१ शह, राजा बी८ ला, वजीर पुन्हा ए५. पट तोच, पाळी काळ्याची. हे तिच्या हातात बसलं की कोष्टकाला हत्ती हलवू द्या. तो जिथे जाईल तिथून वजीर थोड्या शहांत त्याला टिपतो. ते शह तिला स्वतः शोधू द्या, इशाऱ्याचं बटण बंद ठेवा.