वाचकांचे प्रश्न : व्याख्यान झालं, पुढे काय?

या वेळी इंदूरच्या वाचकांकडून वस्तीतल्या व्याख्यानांबद्दल बरेच प्रश्न आले. त्यांतले पाच निवडले आहेत. असे कार्यक्रम उभे करणाऱ्या, ध्वनियोजना सांभाळणाऱ्या आणि नंतर प्रत्यक्ष फावडं हातात घेणाऱ्या मंडळींनी मिळून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : आमच्या मंडळाची दर हिवाळ्यात तीन दिवस व्याख्यानमाला असते. वक्ते चांगले असतात, गर्दीही बरी होते. पाणी, झाडं, वाचनालय, सगळ्यावर बोलून झालं. पण नंतर काहीच उभं राहत नाही. चुकतं कुठे? (राजेंद्र नगर)

भाषणात फारसं चुकत नाही, चुकतं ते भाषणानंतरच्या अर्ध्या तासात. वक्ता बसतो, मग स्मृतिचिन्ह, मग अध्यक्षीय समारोप, मग मांडववाल्यापासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांचे आभार. आठ वाजता ज्याला ‘आपणही काही करावं’ असं वाटलं, तो पावणेनऊला चपला शोधत असतो. म्हणून सत्कार सुरुवातीलाच उरका आणि शेवटच्या टाळ्यांनंतर लगेच, आभाराच्या आधी, एक मागणी ठेवा. एकच.

मागणीत काय, कुठे, कधी आणि किती माणसं, हे चारही यायला हवं. ‘पाणी वाचवा’ ही मागणी होत नाही. ‘येत्या रविवारी सकाळी ७ ते ९, बागेच्या मागच्या भिंतीजवळचा पाणी मुरवायचा खड्डा साफ करायचा आहे, ८ जण हवेत’ ही मागणी. १८ एप्रिल १९५१ला तेलंगणातल्या पोचमपल्लीत विनोबांसमोर भूमिहीनांनी आकडाच ठेवला होता : ८० एकर जमीन. विनोबांनी तो तिथल्या तिथे गावासमोर मांडला आणि तिथल्याच जमीनदार रामचंद्र रेड्डींनी १०० एकर देऊ केली, तिथूनच भूदान सुरू झालं. आकडा नसता तर सहानुभूतीवरच सभा संपली असती. पुढे इंदूरच्या १९६०च्या मुक्कामात आणि इतरत्रही त्यांनी ज्या सर्वोदय पात्राचा आग्रह धरला, त्यातही मागणी इतकी छोटी होती की नाही म्हणायला जागा नव्हती : घरातल्या लहान मुलाच्या हातून रोज मूठभर धान्य त्या पात्रात टाकायचं.

मागणी झाली की वही फिरवायची. दाराशी टेबलावर ठेवलेल्या वहीत कोणी लिहीत नाही. घाईत सगळे तिच्या शेजारून निघून जातात. दर २५-३० श्रोत्यांमागे एक कार्यकर्ता रांगेत शिरला पाहिजे. वहीत रकाने चारच : नाव, फोन, कोणतं काम, सकाळ की संध्याकाळ. पहिल्या तीन ओळी ज्यांनी आधीच होकार दिला आहे त्यांच्याकडून भरून घ्या, कारण कोऱ्या पानावर पहिलं नाव लिहायला माणूस बिचकतो. काम ७ ते १० दिवसांच्या आत ठेवा. महिनाभराने ठेवलंत तर वही रद्दीत गेली म्हणून समजा.

तीन दिवस तीन मोठे वक्ते आणण्याऐवजी एका संध्याकाळी वस्तीतलेच तीन जण, प्रत्येकी १२ मिनिटं, असं करून पाहा. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५मध्ये सुरू केली, तिचा हेतू लोक शहाणे व्हावेत हा होता आणि तो आजही मोलाचा आहे. पण कॉलनीतलं काम उभं करायचं असेल तर साचा वेगळा लागतो. दोन्ही एकाच मांडवात बसवायला गेलं की धड एकही होत नाही. प्रमुख पाहुणे टाळता आले तर टाळाच. नाहीच टळले तर त्यांना पत्रातच ‘३ मिनिटं’ असं लिहून कळवा.

प्रश्न : कॉलनीतल्या एक निवृत्त इंजिनीअर काकांना छतावरच्या पाण्याबद्दल खूप माहिती आहे, पण स्टेजवर ते अडखळतात. त्यांना बोलायला उभं करावं का? (सुदामा नगर)

जरूर करा. अडखळणारा जाणकार श्रोत्यांना चालतो, सफाईदार पोपटपंचीला मात्र ते दुसऱ्या मिनिटाला ओळखतात.

१२ मिनिटांत मराठी बोलणं साधारण १,२०० ते १,४०० शब्दांचं होतं. काकांकडून सगळं लिहून घेतलंत तर त्याच्या तिप्पट निघेल, मग कापायचं. सगळ्यात आधी ‘पाण्याचं महत्त्व’ हा भाग उडवा. जो ऐकायला आला आहे त्याला ते पटलेलंच आहे. सुरुवात थेट हिशेबाने होऊ द्या : १ चौरस मीटर छतावर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. १,००० चौरस फुटांचं छत ९३ चौरस मीटर भरतं. इंदूरचा पाऊस वर्षाला साधारण ९५० मिलिमीटर. उडून-सांडून जाणारं वजा केलं तरी ७०,००० लिटरच्या आसपास उरतं, म्हणजे ५,००० लिटरचे १४ टँकर. एप्रिलात टँकरचे पैसे मोजलेला माणूस या वाक्याला सरळ होऊन बसतो.

नंतर, हे पाणी जमिनीत मुरवायच्या खड्ड्यात काय बिघडतं ते सांगायला लावा, कारण लोक अडतात तिथेच. आपली माळव्याची काळी माती भिजली की फुगते आणि पाणी आत घेत नाही. ती ओलांडून मुरूम लागेपर्यंत खणलं नाही तर खड्ड्याचं डबकं होतं आणि डास वाढतात. थर लावताना खाली मोठे दगड, मध्ये गिट्टी, वर जाडी रेती. रेती वरच का? गाळ तिच्यावर अडकतो आणि पावसाळ्याआधी वरची ४-५ सेंटिमीटर खरवडून काढता येते. उलटा थर लावला तर गाळ खाली दगडांत जाऊन बसतो आणि सगळा खड्डा उपसावा लागतो. पहिल्या सरीचं पाणी, साधारण २ मिलिमीटर, बाहेर सोडायचं. छतावरची धूळ आणि कबुतरांची घाण त्यातच जाते. जुन्या बोअरमध्ये पाणी सोडायचं असेल तर गाळणीशिवाय मुळीच नाही.

सराव तीनदा करून घ्या : एकदा घरी मोबाइलवर रेकॉर्ड करून, एकदा चार-पाच शेजाऱ्यांसमोर, एकदा प्रत्यक्ष जागेवर माइक लावून. पाठ करू देऊ नका. पाठ केलेलं एक वाक्य निसटलं की पुढची दहा जातात. पोस्टकार्डाएवढ्या पाच चिठ्ठ्या, प्रत्येकीवर एक आकडा किंवा एक शब्द, एवढं पुरे. आणि स्लाइडऐवजी हातात गिट्टीचा तुकडा आणि काळ्या मातीचं भिजवून घेतलेलं ढेकूळ असू द्या. ढेकळावर पेलाभर पाणी ओतून ते वरून कसं ओघळतं हे दाखवलं की अर्धी मिनिटं वाचतात.

प्रश्न : देवळाच्या सभामंडपात कार्यक्रम असतो. माइक शिट्टी मारतो आणि मागच्या रांगांना काही कळत नाही. आवाज वाढवला की शिट्टी आणखी. (लोकमान्य नगर)

साउंड बॉक्समधून निघालेला आवाज पुन्हा माइकमध्ये शिरतो आणि फिरत राहतो, तीच शिट्टी. म्हणून बॉक्स नेहमी वक्त्याच्या पुढे, तोंड श्रोत्यांकडे, आणि स्टँडवर डोक्यांच्या वर, ६ ते ७ फुटांवर. जमिनीवर ठेवलेला बॉक्स पहिल्या रांगेचे कान फोडतो आणि सहाव्या रांगेपर्यंत पोचत नाही. हातातला माइक तोंडापासून चार बोटांवर असावा. वक्ता तो पोटाशी धरतो, मग ऑपरेटर आवाज चढवतो आणि शिट्टी सुरू होते. कॉलरचा माइक हनुवटीखाली एका वितीवर लावा, पण मंगळसूत्र किंवा ओढणी घासली की खरखर येते. तेव्हा पदराची घडी पाहून जागा ठरवा.

मंडप १५ मीटरपेक्षा लांब असेल तर मध्यावर बॉक्सची दुसरी जोडी लागते. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे मागच्या जोडीला दर मीटरला साधारण ३ मिलिसेकंदांचा विलंब द्यावा लागतो. नाहीतर प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. मिक्सरवर ही सोय आहे का, हे भाड्याने घेतानाच विचारा. गुळगुळीत फरशी आणि उघड्या भिंती आवाज घुमवतात. खुर्च्यांऐवजी जाजम अंथरलं आणि मागच्या भिंतीला जाड पडदा सोडला तर फरक लगेच कळतो. रात्री १० नंतर लाउडस्पीकर चालत नाही, त्यामुळे कार्यक्रम साडेआठला संपेल असाच आखा.

प्रश्न : मुलं म्हणतात, सरळ टेडएक्सच करू या. घ्यावं का ते अंगावर? शिवाय शेजारी बरेच हिंदी भाषक आहेत, मग बोलायचं कोणत्या भाषेत? (तिलक नगर)

टेड ही छोट्या भाषणांची अमेरिकी परिषद १९८४ची, तिच्या परवान्याने गावोगावी होणाऱ्या टेडएक्सची पद्धत २००९ची. परवान्याला पैसे पडत नाहीत, पण अटी पक्क्या आहेत : भाषण १८ मिनिटांच्या आत, वक्त्याला मानधन नाही, राजकीय, धार्मिक किंवा व्यापारी प्रचार नाही. आयोजक स्वतः टेडच्या परिषदेला गेलेला नसेल तर श्रोते १०० पर्यंतच. कॉलेजच्या पोरांना शहरभर विचार पोचवायचा असेल तर उत्तम. बागेतल्या खड्ड्यासाठी ८ माणसं हवी असतील तर एवढा खटाटोप कशाला? तिथली वेळेची शिस्त तेवढी उचला.

भाषेचं म्हणाल तर वक्त्याला ज्या भाषेत विनोद सुचतो त्या भाषेत त्याने बोलावं. मागणीचं वाक्य मात्र मराठी आणि हिंदी दोन्हींत म्हणा, आणि वहीचे रकानेही दोन्हींत ठेवा. इंदुरात मराठी माणूसही वाक्यात दोन हिंदी शब्द टाकतोच, त्याची लाज बाळगायचं कारण नाही.

प्रश्न : वहीत ४० नावं आली. रविवारी आले ६ जण. कार्यकर्ते खट्टू झाले आहेत. (नारायण बाग)

६ जण हा वाईट आकडा नाही. उत्साहात लिहिलेलं नाव आणि रविवारी सकाळी सातला उघडलेलं दार यांत नेहमीच गळती होते. विनोबांच्या भूदानातही मिळालेली बरीचशी जमीन पुढे वाटली गेली नाही किंवा कसण्याजोगी निघाली नाही. दान घेणं सोपं, मागचा पाठपुरावा किचकट.

गळती कमी करायची तर आदल्या संध्याकाळी फोन करा. ग्रुपवरच्या मेसेजला लोक अंगठा दाखवून झोपतात. ‘येताय ना?’ असं विचारू नका. ‘तुमच्याकडे घमेलं आहे का, घेऊन या’ असं सांगा. ज्याच्यावर वस्तू सोपवली तो सहसा येतो. दर रविवारी तीच वेळ ठेवा. आपल्या शहरात ओला-सुका कचरा वेगळा ठेवायची सवय टिकली त्यात भाषणांचा वाटा असेल, पण गाडी रोज ठरल्या वेळी दारात येते याचा वाटा त्याहून मोठा.

बाग नगर निगमची, म्हणजे महापालिकेची असेल तर आठवडाभर आधी झोन कार्यालयात अर्ज द्या आणि पोच घ्या. तक्रार असेल तर निगमच्या ३११ ॲपवर फोटोसकट टाका. ८ जणांना ४ फावडी, ६ घमेली, २ पहारी आणि प्यायला २० लिटरचा एक जार पुरतो. खरवडलेला गाळ त्याच दिवशी कुठे जाणार, कोणाच्या गाडीतून, हे शनिवारीच पक्कं करा. काठावर ढीग करून ठेवलात तर पहिल्या पावसात तो पुन्हा खड्ड्यात उतरतो.